वाद्याचा घुमारा आणि गीताचे शब्द
(उपदेशक, गायनप्रमुख व वाद्य वाजविणारे तरुण यांजकरितां एक पाठ)



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका खेड्यांतील मंडळीस भेट देण्याचा योग आला. तेथील एक तरुण शहरांत नोकरीस असून त्यानें पहिल्या वर्षाच्या बचतींतून आपल्या गांवच्या मंडळीस विजेवर चालणारा कीबोर्ड आणून दिला होता. जुन्या हातपेटीचा भाता फाटल्यापासून तेथील गाणें केवळ टाळ व ढोलकी यांवर चालत असे. म्हणून नव्या वाद्याचें सर्वांस मोठें कौतुक. वाजविणारा मुलगाही हुशार. त्यानें पहिलें गीत सुरू केलें आणि दगडी भिंतींचें व पत्र्याच्या छपराचें तें लहानसें मंदिर स्वरांनीं भरून गेलें. परंतु दुसरें कडवें येईपर्यंत मागील बांकांवरील माणसें गप्प झालीं. तिसऱ्या गीताला तर पुढील चार तरुणांखेरीज कोणी गाईना.

सर्व आटोपल्यावर एक वृद्ध बाई जवळ येऊन म्हणाल्या, “पाळकसाहेब, वाजप लई ग्वाड हाय, पर शबुद कुठं जात्यात त्येच कळंना. आमी वाचणारी माणसं न्हवं. कानावर पडंल तेवढंच आमचं.”

त्या बाईंच्या बोलण्यांत आजच्या पाठाचें सार आहे. ज्यांस वाचतां येतें ते पुस्तकांत पाहून हरवलेले शब्द भरून काढतात. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांचें गीत कानांतून येतें व कानांतच राहतें. वाद्याच्या एका बटणानें शब्द झांकले गेले, तर त्या माणसांच्या तोंडचें गीतच आपण काढून घेतों. यांत त्या मुलाचा हेतु वाईट नव्हता. वाद्य दुकानांतून आलें तेव्हां त्यांतील ‘रिव्हर्ब’, ‘कोरस’ व ‘सस्टेन’ हे परिणाम चालूच होते. आणि कानाला गोड लागतें म्हणून त्यानें ते आणखी वाढविले होते. हे परिणाम काय आहेत, ते कोठून आले, आणि आपल्या मंदिरांत ते किती ठेवावे, हें आज क्रमानें पाहूं.

१. घुमारा म्हणजे काय?

विहिरीच्या कांठावर उभें राहून हांक मारली म्हणजे ती लांबट होऊन परत येते, हें लहान मुलासही ठाऊक असतें. ध्वनि हवेंतून एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. उन्हाळ्यांत किंचित् अधिक. समोर १७ मीटरांवर भिंत असेल तर तेथें आदळून परत येण्यास त्यास एक दशांश सेकंद लागतो. मध्यें इतका अवकाश पडला म्हणजे परत आलेला आवाज मूळ आवाजाहून निराळा ऐकूं येतो. तो प्रतिध्वनि. विजापुरास, म्हणजे आजच्या विजयपुरास, जाऊन १६५६ मध्यें पुरा झालेला गोल घुमट ज्यांनीं पाहिला असेल, त्यांनीं सज्जांत वाजविलेली एक टाळी अनेक वेळां परत आलेली ऐकली असेल.

खोली लहान असली म्हणजे गोष्ट वेगळी होते. भिंती जवळ असल्यामुळें आवाज क्षणार्धांत परत येतो, पुन्हां दुसऱ्या भिंतीवर आदळतो, मग छपरावर, मग फरशीवर. असे शेंकडों पडसाद एकमेकांत मिसळतात व निराळे मोजतां येत नाहींत. त्यांची एक रेंगाळणारी शेपटी तेवढी ऐकूं येते. हाच घुमारा. कीबोर्डवर ‘रिव्हर्ब’ असें जें लिहिलेलें असतें तें याचेंच नांव.

घुमाऱ्यानें स्वर गोड लागतो, कारण एका स्वराची शेपटी पुढच्या स्वराला जोडली जाते. पण जें स्वरास उपकारक तेंच शब्दास घातक होऊं शकतें. आपण बोलतांना किंवा जलद चालीचें पद गातांना एका सेकंदांत साधारण चार-पांच अक्षरें उच्चारतों. घुमारा दोन सेकंद टिकत असेल, तर नवें अक्षर ओठांवर येतें तेव्हां मागील आठ-दहा अक्षरें अद्याप हवेंत लोंबकळत असतात. त्यांतही ‘आ’, ‘ओ’ इत्यादि स्वर मोठे व लांब असतात, तर ‘क’, ‘ट’, ‘प’ हीं व्यंजनें बारीक व क्षणिक. मागील ‘आ’ची शेपटी पुढील ‘क’वर पडली कीं ‘काळ’ आणि ‘टाळ’, ‘तार’ आणि ‘पार’ यांतील भेद नाहींसा होतो. पद ठाऊक असलेल्याला तो चुकत नाहीं. नवें पद शिकणारा मात्र तेथेंच थांबतो.

२. गाद्यांनीं शिकविलेला धडा

ही अडचण आपल्याच खेड्यांत आहे असें नाहीं. सन १८९५ मध्यें अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठापुढें ती उभी राहिली होती. तेथील फॉग कलासंग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहांत आवाज सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही. तेवढ्या वेळांत वक्त्याचीं आणखी वीसएक अक्षरें बाहेर पडत, आणि विद्यार्थ्यांस कांहींच कळत नसे. वॉलेस क्लेमेंट सॅबिन नांवाच्या पदार्थविज्ञानाच्या तरुण अध्यापकाकडे हें काम सोंपविण्यांत आलें. जवळच्या सँडर्स नाट्यगृहांतील बैठकींच्या गाद्या आणून तो रात्रीच्या शांततेंत त्या व्याख्यानगृहांत मांडी, ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करी, आणि आवाज किती वेळांत विरतो तें घड्याळानें मोजी. जों जों गाद्या वाढत, तों तों घुमारा आखूड होई.

या प्रयोगांतून त्यानें दोन सोप्या गोष्टी सिद्ध केल्या. खोली जितकी मोठी तितका घुमारा लांब. आणि आवाज गिळणाऱ्या वस्तु जितक्या अधिक तितका तो आखूड. गिळण्याचें माप म्हणून त्यानें उघडी खिडकी घेतली; कारण उघड्या खिडकींतून गेलेला आवाज परत येत नाहीं. त्याच्या नियमानें खोलीचें घनफळ घनमीटरांत घेऊन त्यास ०.१६१ नें गुणावें, व तेथील सर्व वस्तु मिळून जितक्या चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज गिळतात त्या संख्येनें भागावें. येणारें उत्तर म्हणजे आवाज दहा लक्षांश होईपर्यंतचे सेकंद. याच ज्ञानाच्या आधारें १९०० मध्यें बॉस्टन शहराचें सिंफनी हॉल उघडण्यांत आलें.

आतां हाच हिशेब आपल्या मंदिरास लावूं. समजा, मंदिर १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद व ४ मीटर उंच आहे. घनफळ ३३६ घनमीटर. भिंतींस चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा, खालीं शहाबादी फरशी, वर पत्रा. हे सर्व कठीण पदार्थ आवाज फारसा गिळत नाहींत. सर्व मिळून सुमारें १६ चौरस मीटर खिडकीइतका धरूं. मग घुमारा तीन सेकंदांहून अधिक येतो. त्याच मंदिरांत साठ माणसें येऊन बसलीं, तर प्रत्येक माणूस कपड्यांसह सुमारें अर्ध्या चौरस मीटर खिडकीइतका आवाज गिळतो. घुमारा सव्वा सेकंदाच्या जवळ येतो. हा ठोकळ हिशेब आहे. तथापि त्यावरून दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. एक, रिकाम्या मंदिरांत शनिवारीं सायंकाळीं जुळविलेलें वाद्य रविवारीं भरल्या मंदिरांत तसेंच ऐकूं येणार नाहीं. दुसरी, आपल्या मंदिरास स्वतःचा घुमारा आधींच आहे. कीबोर्डमधील घुमारा त्यावर आणखी भर घालतो. श्रोत्याच्या कानीं दोहोंचा मिलाफ पडतो.

३. यंत्राच्या पोटांतील चार परिणाम

रिव्हर्ब. यंत्रानें घुमारा उत्पन्न करण्याचे उपाय कीबोर्डापूर्वींचे आहेत. हॅमंड ऑर्गनमध्यें तारेच्या स्प्रिंगा कंप पाववून तो काढीत. १९५७ मध्यें जर्मनींत यासाठीं सुमारें दोन मीटर लांब व एक मीटर रुंद असा पोलादी पत्रा चौकटींत टांगलेलें यंत्र निघालें. तुमच्या कीबोर्डच्या यादींत ‘प्लेट’ हें नांव आहे तें त्या पत्र्याचें. पुढें १९६२ च्या सुमारास मॅनफ्रेड श्रोडर या शास्त्रज्ञानें आवाजाचे आंकडे करून, ते उशिरा व कमी कमी करीत पुन्हां मिसळून, केवळ गणितानें घुमारा कसा घडवावा हें दाखविलें. आज कीबोर्डमधील चिमुकली चकती हेंच गणित करीत असते. यादींतील ‘रूम’ म्हणजे लहान खोलीचा आखूड घुमारा, ‘स्टेज’ म्हणजे रंगमंचाचा, आणि ‘हॉल’ म्हणजे मोठ्या सभागृहाचा लांब घुमारा.

कोरस. दहा माणसें एकच स्वर गातात तेव्हां त्यांचे गळे तंतोतंत एका जागीं नसतात. त्या बारीक फरकामुळेंच समूहाचा आवाज भरदार वाटतो. यंत्रही तेंच करतें: मूळ स्वराच्या किंचित् उशिराच्या व किंचित् वर-खालीं हलणाऱ्या प्रती त्यांत मिसळतें. दुहेरी सुरांच्या हातपेटींत एक सूर सेकंदाला ४४० कंपांचा व दुसरा ४४२ चा असला, तर सेकंदास दोन लहरी ऐकूं येतात. तसाच हा प्रकार. कोरस थोडा असला तर बरा. फार झाला तर स्वराची जागाच डळमळते. गाणाऱ्यांस आरंभींचा स्वर देतांना तो बंदच असावा.

सस्टेन. याची व रिव्हर्बची पुष्कळ लोक गल्लत करतात. सस्टेन म्हणजे बोट उचलल्यावरही स्वर स्वतःच वाजत राहणें. रिव्हर्ब ही खोलीची नक्कल आहे, सस्टेन ही वाद्याची संवय आहे. सस्टेन चालू ठेवून बोटें हलविलीं तर जुनी स्वरसंगति नव्या स्वरसंगतींत सांडते व खर्जांत नुसता गोंधळ माजतो. पुष्कळदां दोष रिव्हर्बला दिला जातो, आणि अपराधी असतो सस्टेन.

इतर परिणाम. कांहीं कीबोर्डवर ‘डीएसपी’ या नांवाखालीं आणखी प्रकार असतात. ‘रोटरी’ म्हणजे डोनाल्ड लेस्ली यानें ऑर्गनसाठीं बनविलेल्या फिरत्या कर्ण्याची नक्कल. ‘डिले’ म्हणजे मोजून मागून येणारा प्रतिध्वनि. डिले वापरायचाच असेल तर तो तालाशीं जुळावा: मिनिटास ८० मात्रांची लय असेल तर एक मात्रा पाऊण सेकंदाची; प्रतिध्वनि पाऊण सेकंदानें किंवा त्याच्या निम्म्यानें आला तरच टाळाशीं भांडणार नाहीं. सामुदायिक गायनांत याची गरज क्वचितच पडते.

४. जुळविण्याची रीत

पुढील क्रम एकदां शांतपणें करून पाहावा. बहुतेक लहान कीबोर्डांत ‘फंक्शन’ किंवा ‘सेटिंग’ हें बटण दाबल्यावर पडद्यावर परिणामांचीं नांवें येतात. माप बहुधा ० पासून १२७ पर्यंत असतें. १९८३ मध्यें ठरलेल्या ‘मिडी’ या सामाईक पद्धतींत प्रत्येक मापास १२८ पायऱ्या दिल्या आहेत, म्हणून ही संख्या. ० म्हणजे मुळींच नाहीं.

पहिलें. रिव्हर्ब, कोरस व सस्टेन हे तिन्ही बंद करावे. वाद्य कोरडें व थोडें रुक्ष वाटेल. त्यास भिऊं नये. मंदिरानें स्वतः काय भर घातली आहे तें आतां ऐकूं येईल.

दुसरें. आवाज मोठा करणाऱ्या यंत्राकडे जावें. गांवोगांवच्या पुष्कळ ॲम्प्लिफायरांवर ‘एको’ नांवाची निराळी खुंटी असते. ती फिरलेली असेल तर कीबोर्डवर कितीही खटपट केली तरी फळ नाहीं. ती शून्यावर आणावी.

तिसरें. मंदिराच्या मध्यें उभें राहून एक जोराची टाळी वाजवावी व आवाज विरेपर्यंत मनांत मोजावें. शेपटी चांगली दीड-दोन सेकंद ऐकूं आली, तर यंत्राचा घुमारा जवळजवळ नकोच. टाळी लागलीच मेली, तर थोड्या घुमाऱ्यास जागा आहे.

चौथें. वाजविणाऱ्यानें आपली जागा दुसऱ्यास द्यावी व शेवटच्या बांकावर जाऊन बसावें. हा या पाठांतील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. कर्ण्याजवळ बसलेल्यास थेट आवाज मोठा व भिंतींचा लहान ऐकूं येतो. मागें बसलेल्यास भिंतींचाच अधिक. म्हणून जो वाजवितो त्याला दोष ऐकूं येत नाहीं, आणि ज्याला ऐकूं येतो त्याच्या हातीं बटण नसतें.

पांचवें. दगडी किंवा पत्र्याच्या इमारतींत ‘रूम’ निवडावें, ‘हॉल’ नव्हे. मग रिव्हर्बचें माप दहा-दहानें वाढवीत जावें. घुमारा वेगळा म्हणून जाणवूं लागला कीं तेथें थांबून एक पायरी मागें यावें. भाजींतील मिठाप्रमाणें तो असावा. जाणवला म्हणजे अधिक झाला.

सहावें. आतां एकानें वाद्यासह एक अपरिचित पद गावें, आणि मागें बसलेल्यानें ऐकलेले शब्द म्हणून दाखवावे. पद अपरिचितच हवें. ओळखीच्या पदांत कान फसवितो. शब्द चुकले तर आधीं घुमारा कमी करावा, मग वाद्याचा आवाज.

सातवें. कीबोर्डची तयार ठेक्याची साथ वापरीत असाल, तर एक गोष्ट जपावी. लहान वाद्यांत घुमाऱ्याचा प्रकार बहुधा सर्व आवाजांस एकच असतो. तो ढोलक व झांजेच्या ठेक्यावरही पडतो आणि ताल पुसट होतो. ठेका स्पष्ट हवा, म्हणून अशा वेळीं रिव्हर्ब आणखी उतरवावा.

आठवें. जुळविलेलें माप जपून ठेवावें. पुष्कळ कीबोर्डांत बासरी सोडून ऑर्गनचा आवाज घेतला कीं त्या आवाजाचे ठरीव परिणाम आपोआप परत येतात. वीज गेली किंवा वाद्य बंद झालें तरी तसेंच. कांहीं वाद्यें तर अर्धा तास कोणी हात लावला नाहीं म्हणजे स्वतःच बंद होतात. आम्हां पाळकांचीं भाषणें कधीं कधीं त्याहून लांबतात, आणि शेवटचें गीत पुन्हां दुकानांतल्या मापावर सुरू होतें! यावर उपाय दोन: आपण होऊन बंद होण्याची सोय ‘फंक्शन’मध्यें जाऊन काढून टाकावी, आणि ‘रजिस्ट्रेशन मेमरी’ असेल तर तींत माप सांठवावें. ती नसेल तर एका चिठ्ठीवर लिहून वाद्याच्या पाठीस चिकटवावें.

५. जागा बदलली कीं माप बदलावें

वर सांगितलेलें सर्व बंदिस्त मंदिराविषयीं झालें. उघड्या मैदानावर किंवा कापडी मांडवांत सभा असेल, तर तेथें भिंती नाहींत व घुमाराही नाहीं. आवाज जातो तो परत येत नाहीं. तेथें ‘हॉल’ निवडून माप वाढविलें तर वाद्य भरदार लागेल व शब्दांची हानि होणार नाहीं. संथ चालीच्या पदास थोडा अधिक घुमारा सोसतो. जलद भजनास कमीच बरा. मंदिर भरलेलें असेल तेव्हां दोन पायऱ्या अधिक चालतील. माणसें थोडीं असतील तर दोन पायऱ्या कमी.

ज्या मंदिराचा स्वतःचाच घुमारा फार आहे, तेथें बटणानें तो कमी होणार नाहीं. बटण भर घालूं शकतें, काढूं शकत नाहीं. तेथें सॅबिनच्या गाद्याच उपयोगीं. दारें-खिडक्या उघडाव्या, बसण्यास सतरंज्या अंथराव्या, मागील भिंतीवर जाड गोधड्या किंवा घोंगड्या टांगाव्या. यांस फारसा खर्च नाहीं, आणि नव्या वाद्यापेक्षां कांहीं वेळां त्यांचाच उपयोग अधिक होतो.

असो. पुढील महिन्यांत मी त्या गांवीं पुन्हां गेलों. त्या मुलास शेवटच्या बांकावर बसविलें आणि त्याचें वाद्य त्यालाच ऐकविलें. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “साहेब, पुढं बसून मला हे कधी ऐकूच आलं नाही.” त्यानें स्वतः उठून सस्टेन बंद केला, कोरस काढला, रिव्हर्ब वीसावर आणला, व मागील भिंतीवर दोन घोंगड्या टांगल्या. रविवारीं पहिल्या गीतास मंडळी जराशी चांचरली. वाद्य पूर्वींसारखें भव्य लागत नव्हतें. दुसऱ्या कडव्याला मात्र मागील बांकांवरून आवाज उठला. त्या वृद्ध बाई डोळे मिटून गात होत्या. नव्या पदाचे शब्द त्यांस अर्धेच आले होते, पण जे आले ते बरोबर होते.

अभ्यासार्थ प्रश्न

१. प्रतिध्वनि व घुमारा यांत भेद काय? आपल्या गांवांतील प्रत्येकीं एक उदाहरण द्या.
२. घुमाऱ्यानें व्यंजनें स्वरांहून आधीं कां हरवतात?
३. आपल्या मंदिराची लांबी, रुंदी व उंची मोजून घनफळ काढा. रिकाम्या व भरल्या मंदिरांत टाळी वाजवून फरक नोंदवा.
४. रिव्हर्ब व सस्टेन यांपैकीं कोणता दोष आहे हें कसें ओळखाल?
५. वाजविणाऱ्यानें शेवटच्या बांकावर जाऊन कां बसावें?
६. आपल्या मंडळींत वाचतां न येणारीं माणसें किती आहेत? येत्या रविवारीं त्यांपैकीं दोघांस विचारा, कीं आज गाइलेल्या गीतांचे कोणते शब्द त्यांस नीट ऐकूं आले.